नावं ठेवणं

वेस्ट्रे बेटावरच्या शाळेत माझं प्रदर्शन.
सोळा फोटो, प्रत्येकाखाली पाटी.
खेकड्यांचे पिंजरे टाकून मेरन ड्रेव्हर आली
ओल्या बुटांनिशी,
आणि पहिल्याच काचेला नाक लावून उभी राहिली.

"कॉमन सील कुठला? नाकपुड्या बघ.
त्याच्या खाली येऊन टेकतात एकमेकींना.
हिच्या दोन वेगळ्या फटी,
अबोला धरलेल्या जावांसारख्या.
तोंड घोड्याचं. ही ग्रे सीलची मादी,
मानेवर जाळ्याचा जुना वळ.
आणि तो सातवा डॉल्फिन नाही, पोरपॉइज आहे.
पाठीवरचा पर बघ, बुटका, तिकोनी."

म्हातारीला नावं ठेवायची सवयच आहे,
मागून कुणीतरी पुटपुटलं.

मी जरा चिडूनच म्हणालो,
सीलला काय फरक पडतो?

तिनं हात स्वेटरला पुसले.
"आम्ही जुळ्या. मी आणि ओस्ला.
गावाला दोघी एकच.
ओस्ला गेली, तर पेपरात माझं नाव आलं.
सांत्वनाची पत्रं तिच्या नावानं,
माझ्या मरणाबद्दल.
एकोणीस पत्रं.
मी सगळ्यांना उत्तरं लिहिली,
तिची सही करून."

मग पेन्सिल मागितली.
दोन पाट्या दुरुस्त केल्या, अक्षर शाळकरी.
अकराव्या फोटोपाशी मात्र फार वेळ थांबली:
पडता उजेड, लाटेत एक काळी पाठ,
खाली मी ठासून लिहिलेलं, मिंक व्हेल.

ते खोडलं.
बाजूला लिहिलं,
माहीत नाही.