नवं पोतं

कॅप्लिनच्या जुन्या पोत्यावर लांडगा होता,
बर्फात उभा, मागे चंद्र.
आत हरणाचं मांस, रताळं आणि ब्लूबेरी,
असं पोतं म्हणायचं.
ब्लूबेरी माझ्या मागच्या दारापासून
टेकडीभर फुकट पिकतात,
ऑगस्टात बोटं जांभळी होतात आमची.
आणि मी त्याच, फेरीबोटीने आलेल्या,
वाळवून, दळून, गोळी केलेल्या,
पंचाण्णव डॉलरला घरी आणत होते.

हे डेनिसचं.
अल्बर्टातल्या पहिल्या पगाराचं पोतं
त्याने खांद्यावरून घरात आणलं होतं,
लेकराला बूट आणावेत तसं.
त्यात मोडता कोण घालणार?

या हिवाळ्यात मासळीच्या कारखान्यात
आठवड्याला तीनच पाळ्या उरल्या.
मी टेबलाशी बसून आकडे मांडले:
तेल, वीज, गाडीचा हप्ता,
लांडगा.
लांडगा विजेपेक्षा मोठा निघाला.

आणि इतकं करून कॅप्लिन खाजवतच होता.
रात्रभर पंजे चाटण्याचा आवाज,
ओल्या फरशीवरून कुणी चपला ओढत जावं तसा.
कान आतून उकडलेल्या खेकड्यासारखे लाल.

इग्नेशियसच्या दुकानात, दोरखंडांच्या मागे,
एक तपकिरी पोतं होतं. चित्र नाही.
हेरिंग, ओट, बार्ली. एवढंच.
अडतीस डॉलर.
मी आधी आजूबाजूला पाहून घेतलं.
इग्नेशियस म्हणाला, "आमची म्हातारी हेच खाते.
चौदाची आहे. अजून टपालवाल्याच्या अंगावर जाते."
मग जरा हळू,
"एकदम नको गं, ब्राइड. मुठीमुठीने."

तर मुठीमुठीने.
तीन मुठी लांडगा, एक मूठ हेरिंग.
त्याने हेरिंग तेवढं वेचून खाल्लं,
लांडगा वाटीत तसाच.
चौथ्या दिवशी निम्मेनिम्म.
पाचव्या दिवशी पोट बिघडलं,
आणि मी धुक्यात टॉर्च घेऊन
त्याच्या मागे मागे, वाकून.
फिलोमिनाने खिडकीतून विचारलं,
काही हरवलंय का?
म्हटलं, नाही, घट्ट काही सापडतंय का बघतेय.
पुन्हा तीनास एक. चमचाभर भोपळा.
बाराव्या दिवशी वाटीत नुसतं हेरिंग.

एक कबूल करायचंय.
नवं खाणं मी जुन्या पोत्यात ओतून ठेवलं होतं.
कुत्र्याला वाचता येत नाही.
पण रविवारी डेनिस फोनवर दिसतो,
आणि त्याला माझ्या खांद्यामागे
स्वयंपाकघराचा तो कोपरा दिसतो.
लांडग्याचं तोंड मी तिकडे करून ठेवलं.

महिन्याभरात चाटणं थांबलं.
रात्र इतकी गप्प झाली
की मलाच जाग यायला लागली.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
हा अंथरूण सोडून
शेगडीपुढच्या लाद्यांवर चारी पाय पसरतो.

परवा डेनिसने विचारलं,
"तेच खातो ना अजून?"
हो म्हणायला मी तोंड उघडलं
आणि कॅप्लिनने ढेकर दिला,
अस्सल हेरिंगचा.
फोनमधून वास जात नाही, माहीत आहे मला.
तरी सांगून टाकलं. आकड्यांसकट. पोत्यासकट.

तो बराच वेळ बोलला नाही.
त्याच्या छावणीतलं कसलंसं यंत्र घरघरत होतं.
मग म्हणाला, "कान दाखव."

मी कॅप्लिनचा कान उलटा करून
पडद्यासमोर धरला,
शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा, फिका गुलाबी.

"अजून जवळ," तो म्हणाला.