डावी तर्जनी

नाईक तलावामागची ही शाळा
सहा वर्षांपूर्वी बंद झाली. पट अकरा.
तेव्हापासून उघडते ती मतदानाला.
काल दुपारी मशीन घेऊन पोचलो,
शिपायानं कुलपात खोबरेल सोडलं,
आणि मी वर्ग तिसरीत शिरले
जशी शिरायचे तशीच, आधी फळा बघत.
सुविचाराची चौकट होती. आत काही नव्हतं.

बाकं जोडून पाठ टेकली. थंडी फरशीतून वर येत होती.
पहाटे साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही शाई."
एकोणतीस वर्षं शिकवल्यावर
एवढं जमेल असं वाटलं असावं त्यांना.

साडेसातपासून हात येऊ लागले.
डावा हात, तर्जनी, नखावरून कातडीपर्यंत एक रेघ.
मेंदीचे, सिमेंटचे, बिडीनं पिवळे पडलेले.
एका हाताला तर्जनीच नव्हती, पॉवरलूमनं नेलेली;
नियम आठवून मधल्या बोटाला लावली.
तो हसला. "हे पण मोजता का, बाई?"

एका म्हातारीनं विचारलं,
"चार बटनं काहून वं? एक माणूस निवडाले
चारदा दाबा लागते का?"
म्हटलं, आजी, माणसं चार. अ, ब, क, ड.
"चारही एकाच घरचे दिसून राह्यले,"
म्हणत ती आत गेली
आणि मशीन काही वाजेना.
तीनच दाबून उभी होती,
चौथ्याचा विचार करत.

'ब' जागा यंदा महिलांसाठी.
म्हणून चौकातल्या बॅनरवर
नवऱ्याचा फोटो मोठा, सासरे ढगात,
आणि खाली कोपऱ्यात, हात जोडून,
चित्ररेखा.

धकात्यांची चित्ररेखा. खिडकीकडून दुसरा बाक.
तिचं "हजर" पुढच्या बाकालाही ऐकू जायचं नाही.
शाळेआधी बापाच्या मागासाठी कांड्या भरून यायची,
बोटांना रंगीत सुताचा तुसा,
आणि लिहायची डाव्या हातानं.

तो हात मी पट्टीनं बदलला.
तिच्या भल्यासाठी, असंच म्हणत होते तेव्हा.
दिवाळीपर्यंत अक्षर उजवीकडे गेलं,
ओळीवर पाय ठेवताना घसरणारं.
तिच्या आईला मी बोलावून दाखवलं:
बघा, सुधारली.

साडेअकराला आली.
मागे नवरा, त्याच्यामागे पोरं, गळ्यातलं उपरणं
दारातल्या पोलिसानं काढायला लावलेलं.
यादीतला तिचा अनुक्रमांक नवऱ्यानंच सांगितला.
नावही.
"सही," दोन नंबरचे सर म्हणाले.
तिनं पेन उजव्या हातात घेतलं.
थांबली.
डाव्या हातात घेतलं
आणि एका दमात लिहिलं, नुसतं चित्ररेखा,
पुढे कोणाचं काही नाही.
सर म्हणाले, चालतं.

मग तोच हात माझ्यापुढे आला.
ओळखलं का, असं तिनं विचारलं नाही.
मीही नाही.
काडी बुडवली, पण रेघ घसरली,
पार पेरापर्यंत.
फडकं शोधायला लागले.
"राहू द्या, बाई," ती म्हणाली.
हळूच म्हणाली,
तरी मागच्या भिंतीपर्यंत गेलं ते.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती किती वेळ होती
मी मोजलं नाही.
नवरा मोजत होता.

संध्याकाळी सील, सह्या, पाकिटं, पुन्हा सह्या.
निकालाशी आमचं काही नसतं;
ड्यूटीवाल्यांचं मत टपालानं जातं,
आमच्या बोटाला कोणी शाई लावत नाही.
तरी नळावर हात धुताना पाहिलं,
उजवा अंगठा आणि दोन बोटं,
पट्टी जिथं धरायची नेमकी तिथं,
काळीजांभळी झाली होती.
घासली. मग घासणं सोडलं.

बस चालू होऊन उभी होती.
शिपायानं कडी ओढली, कुलूप दाबलं, ओढून पाहिलं.
"चला," म्हणाला, "आता एकदम विधानसभेले."