खाडा

बॅलार्ड इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर
मी जहाजी लोकांचे पगार लिहीत असे.
त्या वर्षी मे महिन्यात तार आली:
धुकं, टक्कर, वीस मिनिटं.
साहेबाने आधी विचारलं, सोनं?
मग, डाक?
मग चहा आला.

लंडनहून मुंबईकडे निघालेली बोट.
वर पियानो, मधे लगडींची खोली,
आणि सगळ्यांच्या खाली, भट्टीपाशी,
आमच्या डोंगरीचे, हर्णै-दाभोळचे आगवाले
उघड्या अंगाने कोळसा ओढणारे.
वीस मिनिटांत तिथून किती जिने चढून होतात
हे मला विचारू नका. मी बोटीत कधी बसलो नाही.
मला रेवसच्या लाँचवरही मळमळतं.

नियम छापील होता:
बोट बुडाली त्या दिवसापासून पगार बंद.
दाऊद हसन तुंगेकर, आगवाला, दरमहा बावीस रुपये,
एकोणीस दिवस भरले.
पुढच्या चौकटींवरून लाल रेघ ओढली
आणि सवयीने लिहिलं, खाडा.

रहमतबी जूनमध्ये आली.
बरोबर एक मुलगा, चौथीतला,
त्याला अक्षर येत होतं, हीच पंचाईत.
त्याने बोट ठेवून मोठ्याने वाचलं.
ती म्हणाली, खाडा म्हंजे कामावर आला नाय?
मी म्हटलं, हो, म्हणजे तसं नाही.
मग इसाव्या दिवशी तो कुठं व्हता
ते लिवा ना.

पंखा फिरत होता. मी चौदा रुपये मोजले,
आण्यांपर्यंत बरोबर.
आणि म्हणालो, बाई, अंगठा शाईत बुडवा.

तो शब्द तोंडातून गेला.
दिवस बुडतो, पैसे बुडतात,
अंगठासुद्धा. आपल्याकडे दुसरा शब्दच नाही.
तिने बुडवला. जरा जास्तच वेळ.

दहाएक वर्षांनी पेपरात आलं:
पाणबुड्यांना बोट सापडली.
लोखंडी पंज्याने एकेक मजला फाडत
ते लगडींपर्यंत पोचले.
मोजल्या. जवळपास सगळ्या हजर.
बाकीच्या मजल्यांबद्दल बातमीत काही नव्हतं,
शेजारी साबणाची जाहिरात होती.

निवृत्तीच्या आदल्या संध्याकाळी
वाळवीने कडा खाल्लेलं ते बाड काढलं.
लाल रेघेखाली, चौकटीत, बारीक अक्षरात
वीस तारीख: हजर.
एकवीस: हजर.
बावीस. तेवीस.
महिना संपला तसा समासात शिरलो,
शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहिला तोवर.

शाईने नाही. पेन्सिलीने.
पेन्शन व्हायची होती अजून.