टेस्टर

मे महिन्यात हुडकेश्वरच्या आमच्या दोन खोल्यांत
कुलर हा घरातला चौथा माणूस असतो.
पत्र्याचा, सेकंडहँड, वाळ्याचा वास सोडत
रात्रभर घरघरतो.

मी वायरमन. दिवसभर लोकांची अर्थिंग तपासतो,
घरी आलो की आधी टेस्टर कुलरच्या अंगाला लावतो,
मग पाणी पितो.
सुगतला पाठ आहे :
ओल्या पायांनी जवळ जायचं नाही.
पाणी भरायच्या आधी प्लगच काढायचा,
नुसतं बटन बंद करून भागत नाही.
मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या लेआउटमध्ये...
पुढचं मी सांगत नाही.
सात वर्षांचा आहे. त्याला कळते.

काल संध्याकाळी ढेंगरे मावसा आले,
संत्राबर्फीचा डबा, नेहमीचं गडगडाटी हसू.
'ये रे, बस मांडीवर.'
सुगत दाराच्या चौकटीला चिकटला.
'नाही.'
आणि मीच म्हणालो,
'काऊन असा करून राहिला बे? मोठे आहेत ते.'
तो गेला. बसला.
बर्फीचा तुकडा मुठीत तसाच.
नंतर तो मला मोरीत सापडला.

त्याची आई मेडिकलला नाइट ड्युटीवर.
अकराला लाइन गेली.
कुलर थांबला तेव्हा समजलं
घरात किती आवाज होता.
गादीच्या त्या टोकाकडून, बऱ्याच वेळानं,
'बाबा, टेस्टर माणसाले लागते का?'

काय झालं, कधी, कुठं, कोणी,
सगळं एकदम तोंडाशी आलं.
पण चालू वायरीला
घाईनं हात घालत नाहीत,
एवढं तर माझ्या धंद्यानं शिकवलंय.
म्हटलं, 'नाही लागत.
पण तू नाही म्हणाला होता ना,
तेच बरोबर होतं. चुकलो मी.'
तो काही बोलला नाही.
फक्त सरकला,
त्याचा घामट पाय माझ्या पायाला लागला.
'मी रागावणार नाही,' मी म्हटलं,
'आणि मावसाला मी भीत नाही.'
'...खरं?'
'खरं.'

त्यानं तोंड उघडलं
आणि तेवढ्यात लाइन आली.
पंखा, टीव्ही, शेजारचा पंप,
आमचा कुलर धडधडत सुरू.
तो गप्प झाला.

उठलो.
बटन नाही, प्लगच काढला.
त्रेचाळीस-चव्वेचाळीसची रात्र, भिंती अजून तापलेल्या.
परत येऊन त्याच्या तोंडाशी कान नेला
आणि घाम गाळत
बसून राहिलो.