लागट नाही

सेलूहून पहाटेच्या गाडीनं आलेली जैतुनबी मणियार
स्टुलावर बसते ताठ,
पदर कुठंच टेकू न देता.
छातीवर गेरूनं काढलेला नाग, सुकून तडकलेला.
"नागीण म्हनले समदे."
त्याआधी चार महिने नुसतं तोंड आलेलं.
सब्जा झाला, गुलकंद झाला,
एक चांगली दाढ उपटून झाली.

मी आधी गेरू धुते,
मिठाच्या पाण्यानं, थेंब थेंब.
नाग वाहून जातो. फोड राहतात,
सैल, पाण्यानं लोंबणारे.
कडेच्या धड दिसणाऱ्या कातडीवर अंगठा ठेवून
जरासा सरकवते,
आणि भिजल्या हरभऱ्याचं टरफल निघावं
तशी ती सरकते.
माझ्या अंगठ्याला कळतं. मला नंतर.

"एक फुटला की लगेच दुसरा फुटतो?"
"फुटला म्हनू नये, डाक्टरबाई.
आमच्या धंद्यात वाढवला म्हनतेत."

फोडाचा तळ खरवडून काचेवर पसरते. निळा रंग.
काच तिच्या धंद्यात, काच माझ्याही.
भिंगाखाली पेशी गोल, सुट्या,
फुगडीत हात सुटल्यावर
जिथं पडल्या तिथंच बसलेल्या.

तुकडा बर्फातून औरंगाबादला जातो.
अकराव्या दिवशी कागद येतो:
अंधारात पाहिलं तर पेशीपेशीभोवती
हिरवी चमकती जाळी.
रोगाचं नाव लांबलचक. ते बाजूला ठेवून सांगते,
कातडीत एक डिंक असतो,
पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा.
तुमच्या रक्ताला तो आता परका वाटतो.

ती बराच वेळ खिडकीकडं बघते.
"म्हंजे लाखेचा सांधाच निघाला."
"हो."
"बसतो का परत?"
"गोळ्या खूप दिवस. तोंड सुजेल, साखर वाढेल.
पण भाकरी खाल."

मग ती खरं विचारते.
बाजारच्या दिवशी बाया हात मागं घेतात.
तीस वर्षं ज्यांची हाडं दाबून दाबून
ओरखडा न उमटू देता बांगडी चढवली,
त्या आता दुरून पैसे टाकतात
आणि आपल्या आपण भरून घेतात.
"कागदावर लिहून द्या. लागट नाही म्हनून."

लिहिते. ठळक.
शिक्का उमटत नाही, पॅड कोरडं.
पुन्हा दाबते. पुन्हा.

हातमोज्यावरूनच ती माझा पंजा धरते,
अंगठ्याखालचं हाड चाचपते.
"सव्वादोन.
तरी मोठ्याच मागत असाल तुम्ही.
भिऊन समद्या मोठ्याच मागतेत."