चार नंबरची नळी

साकीनाक्याच्या गाळ्यात खाली पॉवरप्रेस
दिवसभर डब्यांची झाकणं ठोकतो. वर आमची लॅब.
भिंतीशी आठ नळ्या, प्रत्येकीत एक किलो खडक
हरभऱ्याएवढा फोडलेला.
खाणीला नको असलेला.
तांबं ज्यात पुरेसं नाही
म्हणून डंपरने उतारावर ओतून दिलेला.

तीन दिवस कोरडी हवा, तीन दिवस दमट,
सातव्या दिवशी, मंगळवारी, मी पाणी घालते,
अर्धा लिटर, बेचव, शुद्ध.
खालच्या बाटलीत थेंब जमतात, ते मोजायचे.
आई फोनवर विचारते, तिथे करतेस तरी काय?
दगडांना पाणी घालते.
बरं, उगवलं काही की कळव.

भिंगाखाली धरलं की पिवळे ठिपके चमकतात.
वैद्य सुवर्णमाक्षिक म्हणतात, लॅबमध्ये पायराइट.
लोखंड आणि गंधक, एकमेकांना घट्ट धरून,
हवा म्हणजे काय हे ठाऊक नसताना
डोंगराच्या पोटात युगानुयुगं पडून.
आम्ही सुरुंग लावला,
प्रत्येक कणाला नवी कड दिली,
आणि कडेला हवा लागली.
मग गंज. मग आम्ल.
मग ते जंतू, ज्यांना ऊन नको, साखर नको,
लोखंडावरच ज्यांचं पोट भरतं.

पण दगडात चुन्याच्या पांढऱ्या शिरा होत्या.
झालेलं आम्ल त्या गिळत होत्या,
आणि मीटर दर मंगळवारी सात पूर्णांक दोन.
शेजारच्या रकान्यात सल्फेट चढत होतं.
तो रकाना मालशे सर वाचत नसत.

विसाव्या आठवड्यात त्यांनी सही केली:
आम्ल होण्याची शक्यता नगण्य.
सात नळ्या पोत्यात रिकाम्या झाल्या.
चौथी मी कपाटामागे सरकवली
आणि पंपाची वायर पुन्हा जोडली.
डॉल्फीने पाहिलं. कलिन्याचा माणूस, बोलत नाही फारसं.
म्हणाला, बाय, तू सुट्टीवर असशील
तेव्हा किती मिली ओतू?

नमुन्यांचे ड्रम टेकामने आणले होते,
बालाघाटकडून, दोन रात्री गाडी चालवून.
चहा घेताना त्याने विचारलं, हे किती दिवस ठेवणार?
वीस आठवडे.
तो बशीत फुंकर मारत राहिला.
ढीग तर तिथं कायमचाच आहे, म्हणाला.
ढिगाखाली नाला आहे. खेकडे फार.
पोरं दुपारी दगड उलटतात.

सत्तावीस: सहा पूर्णांक आठ.
तीस: सहा पूर्णांक एक.
मी मीटर धुतला, पुन्हा लावला,
बफरच्या नव्या बाटलीचं सील तोडलं.
एकतीस: चार पूर्णांक चार.
चुना संपला होता.
संपताना आवाज होत नाही कशाचा.

तेहतीस: तीन पूर्णांक एक.
बाटलीतलं पाणी गंजक्या खिळ्याच्या रंगाचं,
नळीच्या बुडाशी नारिंगी लेप,
वरच्या काठावर हिराकसाची फिकट हिरवी पूड,
आणि पाण्यात तांबं.
खाणीला जे पुरेसं नव्हतं
ते नाल्याला पुरेसं आहे.

मालशे सर म्हणाले, फाइल बंद झालीय.
मग म्हणाले, कुणाच्या परवानगीने?
मग बराच वेळ बाटली उजेडात धरून
त्यांनी चष्मा पुसला, आणि पुन्हा घातला नाही.

खालचा प्रेस जेवणासाठी थांबला होता.
चलनाच्या मागे टेकामचा नंबर, डॉल्फीच्या अक्षरात.
उन्हाळा होता. तिथे पाऊस यायला
सहा आठवडे असतील, किंवा सात.
काय सांगणार होते मी त्याला?
सल्फेटचा रकाना?

त्याने उचलला. मागे कुठेतरी ट्रक रिव्हर्स घेत होता.
मी विचारलं, नाल्यात खेकडे आहेत अजून?

आहेत की, म्हणाला.
का?