कारणाचा रकाना

तीन बोटं रुंद आहे हा रकाना, यारित्सा,
आणि तू पेन उघडून विचारतेस,
कशावरून ठरवलंत, सिस्टर?

रात्री दोनला यंत्र कोकलत होतं
ते एलेउतेरियो आजोबांसाठी.
चौऱ्याहत्तर. लाल, लुकलुकता.
वाराचं यंत्र मात्र गप्प. शहाऐंशी.
एल आल्टोच्या या उंचीवर
शहाऐंशीला कुणी नावं ठेवत नाही.
तू तिचे श्वास मोजलेस, पूर्ण मिनिटभर, मी पाहिलं:
संध्याकाळी बहात्तर, आता अडतीस.
लिहिलंस, ‘सुधारणा’.
किती सुरेख अक्षर तुझं.

आता आजोबांकडे बघ.
एकोणतीस वर्षं कथलाच्या खाणीत.
ते जांभळे ओठ आजचे नव्हेत,
लग्नाच्या फोटोत रंग नाहीत म्हणून दिसत नाहीत, एवढंच.
नखं पळीसारखी फुगलेली.
पण मला शिव्या देत होते, मध्ये दम न खाता,
टोपी कुणी लपवली म्हणून.
ज्याला भांडायला श्वास पुरतो
त्याच्यापाशी अजून थोडा वेळ असतो.

आणि वारा,
आमच्या बोलीत वारा म्हणजे चांदणी,
आठ महिन्यांची.
दहा वाजता तिनं वॉर्ड डोक्यावर घेतला होता.
बाराला नुसती कण्हत होती.
दोनला काहीच नाही.
‘झोपली एकदाची,’ आई म्हणाली,
आणि त्या आवाजात एवढा विसावा होता
की मला पुढचं बोलवेना.

मी आग्वायोची रेघारेघांची घडी उलगडली.
बरगड्यांखाली खड्डा पडत होता, पण उथळ,
भाता ओढणाऱ्याचे हात गळावेत तसा.
दर श्वासाला मान डुलायची,
जणू कुणाला तरी हो, हो म्हणत होती.
पायाचा अंगठा दाबला, सोडला.
एक. दोन. तीन. चार.
मग कुठे रंग परतला.
बहात्तरचे अडतीस झाले
ते बरं वाटून नव्हे, हरून.
निपचित आणि झोपलेलं
लांबून सारखंच दिसतं, यारित्सा.
म्हणून लांबून बघायचं नाही.

सिलिंडर एकच भरलेला होता.
आजोबांच्या नाकातली नळी काढली
ती या हातांनी. बघून ठेव.
डॉक्टर रिवेरो खालच्या सखल मुलखातला,
उठून आला तो आधी लाल आकड्याकडेच धावला.
मी त्याचं मनगट धरलं.
वरिष्ठांचं धरत नाहीत, मला ठाऊक आहे.

अकरा वर्षांपूर्वी, पुकारानीच्या दवाखान्यात,
एका मुलाच्या कागदावर मी लिहिलं होतं,
‘शांत झोपला आहे.’
माझंही अक्षर सुरेख होतं.

साडेचारला वारा रडली.
तिची आई दचकली, मी खुर्चीत बसले.

आणि तेवढ्यात आजोबांनी वार विचारला.
गुरुवार, मी म्हटलं.
थोड्या वेळानं पुन्हा विचारला, अगदी सौम्यपणे,
आणि टोपीचं नावच नाही.
तशी उठले.
रुग्णवाहिका नुकतीच परतली होती,
तिचा सिलिंडर जिन्यावरून ओढत आणला,
मागून ड्रायव्हर ओरडत होता, त्याला ओरडू दिलं.

खिडकीत इयिमानी उजळतोय, चहा गार झालाय,
आणि तू अजून पेन धरून उभी.
लिही:
बाळ गप्प झालं.
आणि त्याखाली,
म्हातारा टोपी विसरला.

मावत नाही?
समासात लिही.